एकच सलाइन, दोन आठवडे काम : आईंच्या पायाला ते लागेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही सूत्र लागेल. आई ६६ वर्षांच्या, भंडारा जिल्ह्यातल्या, उभं आयुष्य धानाच्या बांधीत गेलेलं. डावा पाय हत्तीरोगाने दहा-बारा वर्षं सुजलेला. गेल्या दोन पावसाळ्यांत पाच वेळा हुडहुडी भरून ताप, पाय लालभडक, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ, आणि दर खेपेला पाच-सात दिवस दवाखान्यात. बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या शेजाऱ्यांच्या पायाला असंच झालं तेव्हा इमर्जन्सीत एकच सलाइन लावलं, ‘हे दोन आठवडे पुरेल’ म्हणाले आणि त्याच संध्याकाळी घरी धाडलं. ते औषध इकडे मागवावं का, हा पहिला प्रश्न. तुमचे डॉक्टर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई घ्या म्हणतात, ती जुनाट आणि जिवावरची नाही का, हा दुसरा. आणि डिसेंबरात आई सहा महिन्यांसाठी बहिणीकडे निघाल्या आहेत, त्याचं काय, हा तिसरा.

मी जनरल सर्जन. तीस वर्षं पूर्व विदर्भातच असले पाय बघतोय. माझं उत्तर असं : शेजाऱ्यांचं औषध मागवू नका, जुनाट सुई घ्या, आणि या दोन्हीच्या आधी आज घरी गेल्यावर आईंच्या पायाची बोटं फाकवून बघा. का ते आता सांगतो, जरा ऐसपैस.

शेजाऱ्यांना बहुधा डाल्बाव्हान्सिन दिलं असणार, नाहीतर त्याचं भावंड ओरिटाव्हान्सिन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली, मे आणि ऑगस्टमध्ये, दोन्हींना त्वचेच्या जंतुसंसर्गासाठी परवानगी दिली. मी स्वतः यातलं एकही आजवर कुणाला दिलेलं नाही, तेव्हा हे वाचलेलं ज्ञान समजा. दोन्ही औषधं व्हँकोमायसिन या जुन्या अँटिबायोटिकच्या घराण्यातली. जंतूची भिंत बांधायचं काम अडवायचं, ही घराण्याची जुनी रीत. फरक टिकण्यात. किडनी ठीक असेल तर व्हँकोमायसिन काही तासांत निम्मं निघून जातं, म्हणून दिवसातून दोनदा सलाइन जोडावं लागतं. डाल्बाव्हान्सिनला स्निग्ध पदार्थासारखी एक शेपटी जोडलेली आहे. तिच्यामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं. १०० भागांतले ९३ भाग चिकटलेले, उरलेले ७ मोकळे, आणि काम करतात ते हे सातच. मोकळे संपत आले की चिकटलेल्यांतले थोडे सुटतात. निम्मं औषध बाहेर पडायला साधारण १४ दिवस लागतात. म्हणून १५०० मिलिग्रॅम अर्ध्या तासात शिरेतून सोडलं की झालं. ओरिटाव्हान्सिनचे १२०० मिलिग्रॅम मूळ प्रकारात तीन तास चालवावे लागतात, त्याचं निम्मं जायला दहा दिवस.

आपण सरसकट ‘सलाइन लावलं’ म्हणतो, पण हे औषध खऱ्या सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, घालायचंच नसतं. गाळ धरू शकतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. कुरिअरने बाटली मागवून गावच्या दवाखान्यात ‘लावून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं. सिस्टर सवयीने हात घालतील तो मिठाच्या पाण्याच्याच बाटलीला.

आता खरी मेख. या औषधांच्या चाचण्या ज्यांच्याशी तुलना करून झाल्या ती औषधं जुनीच होती. डाल्बाव्हान्सिनच्या समोर होतं व्हँकोमायसिन आणि मागाहून लिनेझोलिडच्या गोळ्या. दोन-तीन दिवसांत लाली पसरायची थांबली आणि ताप उतरला, अशा रुग्णांचं प्रमाण दोन्हीकडे ८० टक्क्यांच्या जवळपास निघालं. ओरिटाव्हान्सिनचीही गत तीच, सात-दहा दिवसांच्या व्हँकोमायसिनइतकंच. म्हणजे नवं औषध जुन्याहून जोरकस ठरलं नाही, बरोबरीचं ठरलं. त्याची कमाई वेगळीकडे आहे. अमेरिकेत दवाखान्यातल्या एका रात्रीचं बिल ऐकून माणूस पुन्हा आजारी पडेल, मग बाटलीला हजारो डॉलर गेले तरी खाट वाचली की हिशेब जमतो. शिवाय तिकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावभर पसरलेला, साध्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू म्हणजे एमआरएसए ही मोठी डोकेदुखी आहे. त्यात शिरेतून नशा करणारे रुग्ण. त्यांना शिरेत नळी ठेवून घरी पाठवता येत नाही, गोळ्या दिल्या तर पुऱ्या होतील याचा भरवसा नाही. अशांना एकदाच काय ते देऊन मोकळं व्हायचं.

हेच जनावरांच्या डॉक्टरांना आपल्याआधी उमगलं होतं. कुत्र्या-मांजरांच्या कातडीच्या जखमांसाठी सेफोव्हेसिन नावाची सुई युरोपात २००६ पासून आहे, एकदा टोचली की दोन आठवडे चालते. मांजराला रोज दोनदा गोळी चारायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला ती का निघाली हे विचारावं लागत नाही. सांगायचं काय, की लांब टिकणारं औषध हा जंतूवरचा तोडगा नाही, औषध घेण्यातल्या अडचणीवरचा आहे. तेव्हा आधी विचारायचं ते हे, की तुमच्या आईंची अडचण नेमकी कोणती?

औषध घ्यायला त्या कुरकुरतात असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. पाचही वेळा उपचार लागू पडले, पाचही वेळा त्या चालत घरी आल्या. अडचण ही, की दुखणं परत येतं.

जंतूचंही बघा. गळू, केसतोड, पू धरलेली जखम असेल तर संशय स्टॅफवर. पण पू नाही, नडगीवर लाल, तापलेली, ताणलेली कातडी, कडेने रोज बोटभर पुढे सरकणारी, आधी हुडहुडी आणि मग पाय लाल, सोबत अवधाण : हे धावरं, किंवा त्याहून खोल गेलेलं सेल्युलायटिस. याच्या मागे बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस असतो. त्यातल्या ‘अ’ गटाच्या जंतूची एक गोष्ट मला दर वेळी नवल वाटायला लावते. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं झाली, भोवतालचे सगळे जंतू निर्ढावले, पण हा अजून पेनिसिलिनला शरण येतो. त्याच्यासाठी एमआरएसएवरचं औषध अमेरिकेहून आणायचं म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर बोलावण्यासारखं आहे.

लांब टिकण्याला दुसरी बाजूही आहे. दिलेलं औषध परत घेता येत नाही. गोळीने अंगावर पित्त उठलं तर पुढची गोळी बंद करता येते. डाल्बाव्हान्सिनने उठलं तर ते आठवडेच्या आठवडे अंगात राहणार, डायलिसिसनेही फारसं निघत नाही. ओरिटाव्हान्सिन पाच दिवसांपर्यंत रक्त गोठण्याची एक नेहमीची तपासणी चुकवतं, त्या काळात रक्त पातळ ठेवणारं हेपारिन शिरेतून चालवायचं झालं तर पंचाईत. आणि शेवटी शेवटी रक्तात जे क्षीण प्रमाण रेंगाळतं, त्यात जंतू मरत नाहीत, शिकतात. अझिथ्रोमायसिनचं आपण हेच करून ठेवलंय. तीन गोळ्यांचा कोर्स सोपा म्हणून सर्दीपासून गळवापर्यंत वाटला, आणि स्ट्रेप्टोकोकसवरची त्याची धार आपल्या हातांनी बोथट केली.

निदान चुकलं असेल तर एकदाच द्यायच्या औषधाने ते आणखी अवघड होतं, आणि या निदानात चुका होतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत पायाचं सेल्युलायटिस म्हणून इमर्जन्सीतून भरती झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ते नव्हतंच असं दिसलं. मीही फसलोय. एक एसटीचे ड्रायव्हर होते, दोन्ही नडग्या लाल, सुजलेल्या, खाज. मी सात दिवस सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. लाली रात्रीतून कमी व्हायची, मला वाटायचं औषध लागू पडतंय. प्रत्यक्षात ती कमी होत होती, कारण वॉर्डात ते पहिल्यांदाच दिवसभर पाय वर करून पडले होते. शिरा फुगून रक्त तुंबल्याने झालेला तो इसब. तेव्हापासून दोन्ही पाय एकदम लाल दिसले की मी आधी पलंगाचं पायथ्याचं टोक विटांवर चढवतो. आईंचा एकच पाय आहे, ताप आहे, अवधाण आहे, म्हणजे त्यांच्याबाबत मला शंका नाही. पण एकदा तरी डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून शिरेत रक्ताची गाठ नाही ना हे बघितलेलं बरं. विमानप्रवासाआधी तर नक्कीच.

आता तुमच्या जुनाट सुईकडे येऊ. तिचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वापरात आहे, आणि संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली मुलं आजही तिच्यावर तरुण होतात. तीही लांब टिकणारीच, पण तिची तऱ्हा डाल्बाव्हान्सिनहून अगदी निराळी. हे पेनिसिलिन शरीरात अडकून बसत नाही, पोचलं की तासाभरात किडनी त्याला बाहेर काढते. पण पोचतंच हळूहळू. बेंझाथिनशी बांधलेले त्याचे कण पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. कुल्ल्याच्या स्नायूत त्यांचा साठा होतो आणि त्यातून थेंब थेंब पेनिसिलिन रक्तात उतरत राहतं. पिंडीवरचं अभिषेकपात्र डोळ्यांसमोर आणा. धार बारीक, पण तीन आठवडे खंड नाही.

धार बारीक असल्यामुळे तिचं काम ठरलेलं आहे. स्ट्रेप्टोकोकसला पाय रोवू न देण्याइतकी ती पुरते. पाय पेटलेला असताना तो विझवायला पुरत नाही, आणि स्टॅफवर तर तिचा उपयोगच नाही. तेव्हा आईंना पुन्हा ताप भरला तर ‘पंधरा दिवसांपूर्वीच सुई घेतलीय’ म्हणून घरी थांबायचं नाही. त्या वेळी शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन, सिफॅझोलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन, ताप उतरला की गोळ्या. साध्या सेल्युलायटिसला पाच दिवसही पुरतात, हत्तीपायात थोडे अधिक लागतात. दवाखान्यात गेल्याबरोबर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून घ्या आणि शेजारी वेळ लिहा. पहिले एक-दोन दिवस औषध चालू असूनही लाली रेघ ओलांडू शकते, त्याने घाबरू नका, ताप आणि दुखणं उतरतंय का ते बघा. घाबरायचं ते याला : दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, कातडी काळी-निळी पडणं, फोड येणं, दाबल्यावर चर्रचर्र लागणं, माणूस बरळू लागणं. तिथे कुठलीच सुई नाही, थेट ऑपरेशन लागतं, आणि तासांनी फरक पडतो.

सुईच्या भीतीबद्दल. भीती खोटी नाही. पेनिसिलिनने रिॲक्शन येऊन माणूस दगावल्याची एखादी गोष्ट प्रत्येक तालुक्याला ठाऊक असते, आणि त्या एका गोष्टीपायी कित्येक डॉक्टरांनी ती ठेवणंच सोडलं. आकडे बघा. संधिवाताच्या तापाच्या रुग्णांवर अनेक देशांत मिळून एक मोठी पाहणी झाली होती, १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. १,७९० रुग्णांना ३२,४३० सुया दिल्या गेल्या. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी रिॲक्शन, चौघांना आली, त्यातला एक दगावला. शून्य नाही, हे मान्य. म्हणून टेस्ट डोस द्यायचा, ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचं आणि सुईनंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचं. ‘घरी जाऊन झोपतो’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो, पण सोडत नाही.

बाकी त्रास बराचसा टोचणाऱ्याच्या हातावर असतो. १२ लाख युनिटची पूड पाण्यात कालवली की दुधासारखं दाट मिश्रण होतं. बारीक सुई घेतली किंवा कालवून पाच मिनिटं ट्रे तसाच ठेवला की ते सुईच्या तोंडाशी बसतं. मग दट्ट्या दाबला जात नाही, सुई काढावी लागते, आणि दुसऱ्यांदा टोचल्यावर पेशंट पुन्हा कधी येत नाही. आमच्या जुन्या सिस्टर एकवीस नंबरची सुई लावायच्या, बाटली दोन तळव्यांत धरून गोल गोल घोळवायच्या, आधीच पेशंटला कुशीवर घ्यायच्या आणि मग भरायच्या. भरल्यापासून टोचेपर्यंत अर्धं मिनिट. मागे ओढून रक्त येत नाही हे पाहायचं, कारण हे दाट मिश्रण शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. मग न थांबता, सावकाश, एका वेगाने. पाण्याऐवजी थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, घालून कालवलं तर ठणका खूप कमी होतो. आईंना सुई देणाऱ्यांना हे अवश्य विचारा. त्यांना राग येणार नाही. आला तर सुई दुसरीकडे घ्या. ही सुई मधूनमधून बाजारातून गायबही होते, तेव्हा दोन-तीन बाटल्या पुढच्या तारखांच्या घेऊन ठेवाव्यात.

एवढं सगळं करून फायदा किती? यात मला तुमच्या डॉक्टरांच्या थोडं पुढे जाऊन बोलावं लागेल. पायाचं सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्या २७४ जणांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेली एक चाचणी २०१३ मध्ये छापून आली. त्यात सुई नव्हती, पेनिसिलिनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज दोन, वर्षभर. वर्षभरात दुखणं परतलं ते गोळीवाल्यांत २२ टक्क्यांना, नुसत्या पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. चांगला फरक आहे. पण गोळ्या थांबल्या आणि पुढच्या काळात दोन्ही गट सारखेच झाले. आणि गोळ्यांचा गुण कमी दिसला तो कोणाला? वजन खूप असणाऱ्यांना, आधी तीन किंवा अधिक वेळा होऊन गेलेल्यांना, आणि पाय कायम सुजलेला असणाऱ्यांना. तुमच्या आई यातल्या निदान दोन रांगांत उभ्या आहेत.

म्हणून मी सुई ‘घ्या’ म्हणतो, पण सुईवर विसंबायला सांगत नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातून एक चाचणी आली. पाय जुनाट सुजलेले, सेल्युलायटिस वारंवार होणारे ८४ रुग्ण. निम्म्यांना दाब देणारी पट्टी आणि मोजे, बाकीच्यांना फक्त समजावून सांगणं. पट्टीवाल्यांत १५ टक्क्यांना पुन्हा झालं, दुसऱ्या गटात ४० टक्क्यांना. फरक इतका होता, की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. दोन चाचण्यांचे रुग्ण वेगळे, आकडे एकमेकांसमोर ठेवून भांडायचं नसतं. पण सुजलेल्या पायात साचलेलं पाणी हे जंतूचं ताट आहे, आणि ते ताट उचलणाऱ्या पट्टीविषयी आपले दवाखाने चकार शब्द काढत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. डिस्चार्ज कार्डावर चार अँटिबायोटिकं असतात, पट्टी नसते.

आणि आता बोटं. गेल्या पावसाळ्यात मोहाडीकडचे एक आजोबा आले होते, सहाव्यांदा. कागदांची पिशवी भरलेली, त्यात दोन वेगवेगळ्या शहरांतल्या दवाखान्यांच्या फायली, कल्चरचे तीन रिपोर्ट, तिन्हीत काही उगवलेलं नाही. मी स्टुलावर बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि करंगळीच्या शेजारची बेचकी फाकवली. आत पांढरी, फुगलेली, ओल्या कागदासारखी कातडी, बोट लावताच सोलून निघाली आणि खाली लाल चीर. वास आला तो रोवणीच्या बांधीचा. चिखल्या. बाकीच्या तीन बेचक्यांतही तेच. ‘हे कधीपासून?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘ते तं रोवणीत सगळ्यायलेच होते, डॉक्टर.’ सहा वेळा भरती झाले, आणि बोटं कुणी फाकवली नव्हती. मी धरून; त्यांच्या तिसऱ्या भरतीच्या कागदावर सही माझी होती.

स्ट्रेप्टोकोकसचं दार हेच. चिखल्या बुरशीने होतात, बुरशी कातडी चिरते, चिरेतून जंतू आत जातो, आणि हत्तीरोगाने लसवाहिन्या, म्हणजे अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, आधीच नादुरुस्त असल्याने त्याला अडवणारं वाटेत कुणी नसतं. सरकारी मोहिमेत मिळणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्याने हे झटके थांबत नाहीत. त्या रक्तातल्या जंताच्या पिल्लांसाठी आहेत, गावात पुढे रोग पसरू नये म्हणून. त्या जरूर घ्याव्यात, पण हा त्यांचा प्रांत नाही. उलट केरळमधल्या हत्तीरोगाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसता पाय नीट धुऊन, कोरडा ठेवून, चिरांना मलम लावूनही झटके उतरले होते.

तेव्हा रोज रात्री साधं पाणी आणि साबण, घासायचं नाही, गरम पाणी नाही. सुती फडक्याचं टोक प्रत्येक बेचकीतून ओढून काढायचं, कोरडं निघेपर्यंत. आईंना वाकून तिथवर हात पुरत नसेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, त्यांनी संकोच केला तरी. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोल मलम, कातडी बरी दिसू लागल्यावरही आणखी दोन-तीन आठवडे. खाज आणि गोलगोल चट्टे कमी होतात म्हणून मेडिकलवाले स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात ठेवतात, ते घेऊ नका. टाचेच्या भेगांना व्हॅसलीन. झोपताना पायाखाली उशी नव्हे, गादीखालीच काहीतरी. पट्टी सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली ठेवायच्या आत, बोटांपासून गुडघ्याकडे. पायाच्या रक्तपुरवठ्याची नाडी डॉक्टरांनी एकदा बघून दिल्यावरच. या वर्षी बांधीत पाय घालायचा नाही. हे त्या ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तुमच्याकडे रोवणीला माणसं मिळत नाहीत हेही. मग निदान गमबूट, आणि परत आल्यावर तासाभरात पाय धुऊन कोरडा.

न्यू जर्सीचं. जायला अजून अवकाश आहे, तोवर सुई आणि पट्टी सुरू झालीच पाहिजे, म्हणजे डिसेंबरपर्यंत पाय थोडा उतरलेला असेल आणि मापाचा मोजा घेता येईल. आधीच मोजा घेऊ नका, महिन्यात सैल होईल. तिकडे २१ दिवसांची सुई मिळेल या भरवशावर राहू नका. २०२३ साली तिकडे तिची मोठी टंचाई झाली होती, गरोदर बायकांच्या सिफिलिससाठी ती राखून ठेवावी लागली. त्यापेक्षा निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एक सुई, आणि तिच्या २१ व्या दिवसापासून पेनिसिलिनच्या गोळ्या रोज दोन, सहा महिन्यांच्या मोजून इथूनच, प्रिस्क्रिप्शनसकट. शिवाय ताप भरलाच तर ताबडतोब सुरू करायला एक वेगळा कोर्स; कोणता आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून द्यावं. तो सुरू केला तरी डॉक्टरला दाखवायचं आहेच. प्रवासाचा विमा काढताना एजंटला हत्तीपायाबद्दल स्पष्ट विचारा. बऱ्याच पॉलिसी जुन्या दुखण्याला हात लावत नाहीत, आणि मग त्या एका सलाइनचं बिल बहिणीच्या नावावर येईल. विमानात बाजूची सीट, दर तासा-दोन तासांनी एक फेरी, मोजा घातलेला, चप्पल सैल.

आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत अर्ध्या पानाचं पत्र घ्या : डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला, किती वर्षांपासून, सेल्युलायटिस किती वेळा आणि कोणत्या औषधाने उतरलं, पेनिसिलिन सोसतं, डॉप्लर अमुक तारखेला ठीक. तिथल्या इमर्जन्सीतल्या पोराने कदाचित हत्तीपाय पुस्तकाबाहेर पाहिलेला नसेल. पत्राच्या शेवटी शेवटच्या सुईची तारीख, महिना अक्षरी लिहून. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात, ५/१२ चा मे होतो.